समजा, आत अहल्या आहे

४ जानेवारी १९५९, रविवार

हयवदनला कचेरीतनं फुकट डायरी मिळाली, ती त्यानं मला दिली. म्हणाला, "अक्का, धोब्याचे कपडे लिहून ठेव हिच्यात." पोटचा पोरगा, बत्तीस वर्षांचा, बांधकाम खात्यात कारकून. आईच्या डोक्यात फार तर धोबी मावेल असं त्याला वाटतं. मी म्हटलं, सरी, बरंय, तसंच करते.

आता मोडीत लिहायला बसलेय. अथणीकडच्या आमच्या खेड्यातल्या शाळेत पंतोजींनी चौथीपर्यंत मोडी घटवून घेतलेली. या घरात ती कुणाला वाचता येत नाही. म्हणजे वही उघडी टाकली तरी काळजी नाही.

घरात माणसं तीन. मी चंद्राबाई. आमची स्वारी सहा वर्षांमागं गेली. हया, आणि त्याची बायको अहल्या. अहल्या गणितात एम.एस्सी. करायलीय, शेवटचं वर्ष. राजाजीनगरात अशी सून दुसरी नाही, हे मी नळावर रोज एकदा तरी सांगते. दोनदा झालं तर बायका घागरी उचलून चालायला लागतात.

२० जानेवारी, मंगळवार

आज अहल्येची परीक्षा मी घेतली. ती पाटावर वह्या पसरून बसलेली. मी विचारलं, "एकोणतीस अडीचके?"

तिनं पेन्सिल उचलली.

"पेन्सिल खाली ठेव. साडेबहात्तर. आणि सतरा औटके?"

"औटके म्हणजे काय, अक्का?"

"साडेतीनपट. साडेएकोणसाठ. मला हे आठव्या वर्षी येत होतं. तुला कॉलेजात घेतलं कुणी?"

हसली. तिच्या गणितात म्हणे आकडे फारसे नसतातच. म्हटलं, मग बरंय, दुधाशिवाय बासुंदी.

मग मला एप्सिलॉन म्हणून काहीतरी सांगितलं. तो लहान असतो. किती लहान? तुम्ही म्हणाल त्याच्याहून लहान, पण अगदी शून्य नाही. मला लगेच समजलं. आमच्या भगवंतराव भावजींची दक्षिणा. आपण मनात कितीही लहान धरली तरी ती त्याच्याहून लहानच निघते, पण शून्य म्हणता येत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

भावजी येऊन गेले. भगवंतराव म्हणजे स्वारींचे धाकटे भाऊ. कचेरीतनं शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, राहतात बसवनगुडीत, पण फायली संपल्यामुळं आता आम्हाला चाळतात. बायको वारली, मूलबाळ नाही. त्यामुळं आमच्या घरचं शास्त्र त्यांच्याकडं.

अहल्येच्या वह्या बघून म्हणाले, "बाईमाणसाला एवढं गणित कशाला, वहिनी? दूध मोजायला?"

मी म्हटलं, "दूध नाही भावजी, त्यातलं पाणी मोजायला."

भावजी माझ्या डोक्याकडं बघत राहिले. तो त्यांचा नेहमीचा उपाय. स्वारी गेल्यावर दहाव्या दिवशी ह्यांनी न्हावी आणून ओसरीवर बसवला होता, माझे केस उतरवायला. मी न्हाव्याला म्हटलं, "आधी भावजींची दाढी कर रे, बिचारे सकाळपासून खुंट वाढवून बसलेत." न्हावी हसला आणि त्यातच मुहूर्त टळला. तेव्हापासून मी सकेशा. आमच्यात केस ठेवलेल्या विधवेच्या हातचं श्राद्धाला चालत नाही. तीस वर्षं स्वारींना रांधून घातलं, तेव्हा हात चालला. आता त्यांच्या वर्षश्राद्धाला चुलीजवळ गेले तर ते उपाशी जातात म्हणे. जिवंतपणीही ताटात काही ना काही खोट काढूनच उठायचे. म्हणजे सवय मोडलेली नाही.

२२ मार्च, रविवार

हयाच्या बदलीचा हुकूम आला. जूनअखेर गुलबर्ग्याला हजर व्हायचं. तिथं अहल्येला शिकायची सोय नाही. म्हणजे एप्रिलातल्या परीक्षेत जे होईल ते होईल, पुढचं वर्ष नाही. गुलबर्ग्यात बायकांचं कॉलेज आहे, तिथं शिकवायला बाई हवी आहे, पण पास झालेली. अहल्येनं हे मला भांडी विसळताना सांगितलं. एकच वाटी चारदा विसळली.

तिला हसवायला म्हटलं, आजचा धडा सांग. तिनं सांगितला. एखादी गोष्ट खरी आहे हे दाखवायचं असेल तर आधी म्हणायचं, समजा, ती खोटी आहे. मग त्या खोट्याचं बोट धरून चालत राहायचं. शेवटी भिंतीवर डोकं आपटलं की समजायचं, पहिलं समजणंच चुकलं. झालं सिद्ध.

म्हटलं, ही तर सासवांची जुनी रीत. समजा, सून शहाणी आहे. मग आमटीत मीठ का नाही?

९ एप्रिल, गुरुवार, युगादी

आज सणाचा दिवस आणि घरात सुतक पडल्यागत तोंडं.

दरवर्षीप्रमाणं भीमाचार्य नवं पंचांग वाचायला आले. पाऊस किती, धान्य किती, सगळं सांगून झाल्यावर भावजींनी स्वारींची तिथी काढायला सांगितली. चैत्र वद्य पंचमी. आचार्यांनी बोट फिरवलं, "अठ्ठावीस एप्रिल, मंगळवार."

अहल्येच्या हातातलं कडुलिंबाचं ताट तिरकं झालं. त्याच दिवशी सकाळी दहा ते एक तिचा शेवटचा पेपर.

मी म्हटलं, "आचारी लावू. सोवळ्याचा मिळतो की."

भावजी म्हणाले, "घरात सून असताना आचारी? पितर काय खानावळीत जेवायला येतात?"

"मग मी करते."

"अवश्य करा, वहिनी. तुमच्याच हातात आहे. डोकं मोकळं करा, आणि चूल तुमची. मी तरी काय सांगतोय वेगळं?"

असं गोड हसून म्हणाले, जसा काही मला आंबा सोलून देतायत. भीमाचार्य पंचांगात तोंड घालून बसले. हया आपल्या पायाचा तळवा बघत होता. त्या तळव्यात काय लिहिलंय ते एकदा मला बघायचंय. लग्नातही तो तेच वाचत होता.

११ एप्रिल, शनिवार

मला युक्ती सुचली. अहल्येला एक पेपर सूर्यचंद्राच्या चालीचा आहे. म्हटलं, पंचांगातली चूक काढ. आचार्यांचं शास्त्र मोडायला तुझं शास्त्र.

दुपारभर आकडेमोड केली पोरीनं. संध्याकाळी म्हणाली, "अक्का, पंचमी अठ्ठावीसलाच."

"स्वल्प इकडंतिकडं कर की. एक दिवस."

"चंद्र माझं ऐकतो काय?"

"भावजींना कुठं कळतंय?"

"मला कळतंय ना, अक्का."

असली प्रामाणिक सून कुणाच्या नशिबी येऊ नये. मग हळूच म्हणाली, पेपर सोडते. एक पेपर राहिला म्हणून काय झालं. असं म्हणून वह्या एकावर एक रचल्या आणि त्यांना दोरी बांधली. रद्दीला बांधतात तशी.

१२ एप्रिल, रविवार

खरं लिहायचं ठरवलंय तर लिहिते. आज घरात कुणी नसताना केस सोडून आरशापुढं बसले. अर्धे पांढरे झालेत. शेपटी राहिलीय उंदराची. एवढ्यासाठी पोरीचं वर्ष घालवायचं? न्हावी काय, अर्ध्या तासाचं काम. डोकं गार राहील. नाहीतरी बघणारं कोण आहे?

मग मनात आलं, केस दिले की भावजी गप्प बसतील काय? पुढच्या वर्षी आणखी काही मागतील. आणि मी दिलेलं अहल्येकडनंही मागतील, कधीतरी.

वेणी घालून टाकली. घट्ट.

१४ एप्रिल, मंगळवार

सापडलं! न्हाणीत डोक्यावर तांब्या ओतताना सापडलं. शहाण्यांना तिथंच सापडतं म्हणे.

श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यात. सोवळ्यातल्या बाईला शिवायचं नाही. स्वयंपाकघरात कुणी यायचं नाही, डोकवायचंसुद्धा नाही. दार लोटलेलं. मग आत कोण आहे हे बाहेरच्यांना कळतं कसं? कळत नाही. ते समजतात.

अहल्येला म्हटलं, "तू सगळ्यांदेखत ओलेत्यानं आत जायचं आणि परसदारानं बाहेर पडायचं. मी परसदारानं आत यायचं."

"आणि कुणी विचारलं तर?"

"तूच शिकवलंस की. समजा, आत अहल्या आहे."

"अक्का, हे खोटं होईल."

"मग चालत राहू. डोकं आपटलं की बघू."

उठली. मग वह्यांची दोरी सोडायला लागली. गाठ सुटेना तर दातांनी.

१९ एप्रिल, रविवार

शेजारची शालन कटात सामील. ही निपाणीकडची, टेलिफोन कचेरीत नोकरी करते, दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून देते, त्यामुळं पोटात गोष्ट ठेवायची सवय. अहल्या तिच्या घरी लुगडं बदलणार आणि तिच्याबरोबरच बसनं जाणार.

शालननं एक खोट काढली. "काकू, सवाष्ण बाई आत राबतीया आन् बांगडी वाजत न्हाई, असं व्हईल काय?"

खरंच की. हयानं लहानपणी आईचा आवाज ओळखला तो बांगड्यांवरनं, आणि भावजींचे कान तर कोल्ह्याचे.

शालननं तिच्या डब्यातल्या हिरव्या काढल्या. साबण लावून चार-चार चढवल्या. सहा वर्षांनी. मी हात हलवून बघितला. वाजल्या. काम होईल. परत उतरवून तिच्याच डब्यात ठेवल्या.

शालन म्हणाली, "काकू, रडताय?" म्हटलं, साबण गेला डोळ्यात.

२७ एप्रिल, सोमवार

हया उगाचच घरात लुडबुडतोय. स्वयंपाकघराच्या दाराला आतनं जाड चादर ठोकली. म्हणे धुराचा त्रास होतो आचार्यांना. परसदाराच्या बिजागरीत तेल घातलं. एरवी सांगून सांगून तोंड दुखतं तरी खिळा मारत नाही. सरळ दिवशी उलटं सुचतं त्याला. भरीला त्याचं शाईचं चांगलं पेन हरवलं म्हणाला. म्हटलं, वेंधळ्या, डोकं तेवढं मानेला चिकटलेलं आहे म्हणून घरी येतं.

२८ एप्रिल, मंगळवार

हात दुखतोय, तरी लिहिणार.

सकाळी साडेसातला भावजी हजर. मी त्यांच्यासमोर जाहीर केलं, "माझी सावली नको आज. शालनकडं जाऊन बसते." भावजींनी मान डोलावली. सहा वर्षांत पहिल्यांदा माझं काहीतरी पटलं. अहल्या डोक्यावरनं पाणी घेऊन ओलेत्यानं सगळ्यांसमोरून आत गेली. दार लोटलं. तेवढ्यात हया मोठ्यानं म्हणाला, "काका, तिनं मौन धरलंय आज. स्वयंपाक होईतो बोलणार नाही. कुणी हाका मारू नका."

हे मौन कुठनं काढलं? मौन आहे म्हणून अहल्येनंच त्याला थाप मारली असेल. आमच्या बेतात नव्हतं, पण उपयोगी पडलं. आंधळ्याचा दगड कधीकधी चिंचेला लागतो.

शालनच्या न्हाणीत मी डोक्यावरनं पाणी घेतलं, बांगड्या चढवल्या, ओलं नेसले, परसातनं आत शिरले. अहल्या दारातच ओलेती उभी. म्हटलं, "जा. आणि पेन्सिल न घेता पाढे म्हण." पळाली.

मग मी आणि चूल. सोवळ्यात मी एवढीही खोट ठेवली नाही. खोट एवढीच, की मी मी होते. उडीद वाटले, वडे तळले, कारलं केलं, कच्च्या केळ्याची भाजी, खीर, आल्याची चटणी. मिरची चालत नाही, मिरे कुटले. हात आपोआप चालत होता. मध्येच कळलं, मी हलक्या आवाजात गुणगुणायलीय. मौनातली अहल्या! जीभ चावली.

अकराच्या सुमाराला भावजी चादरीपलीकडनं, "वड्यांचा वास छान सुटलाय. अहल्या, खीर झाली काय?" मी बांगड्या एकदा वाजवल्या. "शाब्बास," म्हणाले. त्यांनी मला शाब्बास म्हणायला मला बांगड्या भराव्या लागल्या.

एक वाजला. दीड वाजला. अहल्या दीडपर्यंत यायची होती, वाढायला. आली नाही. बाहेर पानं मांडली. मी वडे परत मोजले. मी चादरीमागं उभी, हातात वड्यांचं ताट, आणि बाहेर जाईन तर सगळं संपलं.

हया म्हणाला, "आचार्य, आज वडलांसाठी मीच वाढतो. मनात आहे." चादरीच्या फटीतनं हात घातला, डोळे मिटून. मी ताट दिलं. वेडा, आत बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर तिथंच पडला असता.

दोन ब्राह्मण जेवले, शेजारी भावजी. भीमाचार्यांनी वडे तीनदा मागितले. शेवटी तो प्रश्न आला, तृप्त झालात ना? दोघंही म्हणाले, "तृप्तोऽस्मि." एक तर ढेकर देऊन.

आणि मग आचार्य म्हणाले, "सूनबाईंना बोलवा. आशीर्वाद देऊन उठतो."

मेले. परसदार बंदच होतं. मला दिवसा तारे दिसायला लागले.

तेवढ्यात आमच्या चिरंजीवांना काय लहर आली! "आचार्य, मघाशी पिंडाच्या वेळी म्हटलात त्या मंत्राचा अर्थ काय?" बत्तीस वर्षांत ज्यानं संध्येचा अर्थ विचारला नाही, त्याला नेमका आज ब्रह्मजिज्ञासेचा पान्हा फुटला. आचार्य खूश. एका मंत्रातनं दुसरा, दुसऱ्यातनं तिसरा. भावजी जांभया देतायत, हा मधूनमधून "आणि त्याच्या आधीचा?" असं विचारतोय. अर्धा तास गेला.

परसदार उघडलं. आवाजसुद्धा झाला नाही. शालनकडं डोक्यावरनं पाणी घेऊन अहल्या ओलेती, धापा टाकत. बस मॅजेस्टिकच्या स्टँडावरच बंद पडली, तिथनं चालत आली होती. मी काही विचारलं नाही, तिनं मान हलवली. सगळी गणितं लिहिली होती. मी तिच्या कपाळाला चुलीची राख फासली आणि बाहेर ढकललं.

भावजी म्हणाले, "बोटाला काय लागलंय?"

शाई होती.

"काजळी, काका," हया म्हणाला. बायकोच्या बोटाची काळजी त्याला कधीपासून?

"अहल्या," भावजी म्हणाले, "आज माझा दादा पोटभर जेवला. असं सोवळं मी आयुष्यात बघितलं नाही."

बघितलं नाही, हे खरंच.

२९ एप्रिल, बुधवार

अहल्येच्या रीतीनं मांडून बघते.

समजा, माझा हात अपवित्र आहे. तर त्या हातचं पितरांना पोचत नाही. पोचलं नाही तर ब्राह्मण तृप्त होत नाहीत. पण दोघं तृप्त झाले, एक तर तीन वेळा. भिंतीवर डोकं आपटलं. म्हणून पहिलं समजणंच चुकलं.

अहल्येला वाचून दाखवलं. तिनं परत एकदा वाचायला लावलं. म्हणाली, "अक्का, यात एक पायरी कच्ची आहे. ब्राह्मण खरं बोलले, हे धरलंत तुम्ही."

"तेवढं मी नाही, त्यांच्या शास्त्रानं धरलंय."

बांगड्या अजून हातात आहेत. निघत नाहीत. साबण संपलाय घरातला.

२१ जून, रविवार

निकाल लागला. अहल्या पास. दुसरा वर्ग, पण शेवटच्या पेपरात सगळ्यांत जास्त. गुलबर्ग्याच्या कॉलेजनं बोलावलंय, एक तारखेपासून. मी नळावर तीन वेळा सांगितलं. आज कुणी घागर उचलली नाही.

संध्याकाळी भावजी पेढे खायला आले. घरात सगळीकडं गोण्या नि पेट्या, त्यांना एका ट्रंकेवर बसवलं. हया आणि अहल्या समोर. भावजींनी पेढा खाऊन सांगितलं, "हा श्राद्धाचा प्रभाव. बघा वहिनी, मी सांगत होतो. पेपर चुकवून पोर चुलीशी बसली, दादा तृप्त झाला आणि त्यानं वरनं पास केलं."

"पेपर चुकवून पास, भावजी?"

"पितरांना काय अशक्य आहे?"

अहल्या खाली बघत होती. म्हटलं, हा तळव्याचा रोग संसर्गाचा दिसतो.

मग भावजी एकदम हळवे झाले. म्हणाले, "वहिनी, मला मागंपुढं कुणी नाही. मी गेल्यावर माझं श्राद्ध हयवदननं करावं. आणि त्या दिवशी आत होता ना, तोच हात मला हवा. दुसरा कुणाचा नको. वचन द्या."

डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. खरं पाणी.

मी म्हटलं, "दिलं, भावजी. त्या हाताला तुम्हाला वाढायची केव्हापासूनची इच्छा आहे. स्वयंपाक आमच्याकडं लागला. तिथी तेवढी तुम्ही ठरवा."

भावजींनी समाधानानं मान डोलावली आणि दुसरा पेढा उचलला.

हया एकदम उठला, तोंडावर पंचा दाबून न्हाणीघरात शिरला आणि आतनं कडी लावली. बराच वेळ आला नाही. भावजी म्हणाले, "पोर हळवं झालं हो." मी दार ठोठावलं, तर आतनं म्हणाला, "तोंड धुतोय, अक्का."

नळाला तर सकाळपासून पाणी नव्हतं.